डोळ्याच्या खुणेपाशी एकच नाव

१

तुम्ही विश्वास ठेवणार नाही. ठेवू नकाच, आपला काही आग्रह नाही. या बाकावर आजवर काय कमी थापा मारल्या गेल्या? सुसरीशी सोयरीक जुळलेल्या पोस्टमनची झाली, टक्कल पडलेल्या कोंबड्याची झाली, आणि त्या सगळ्या तुम्ही मिटक्या मारत ऐकल्यात. ही तेवढी खरी आहे, म्हणूनच आजवर कोणाच्या गळी उतरलेली नाही.

तर एका सकाळी एक घड्याळवाला दुकान उघडायला आला आणि पायरीवर त्याला गाठोडं दिसलं. पांढऱ्या टॉवेलात गुंडाळलेलं, तान्ह्या मुलाएवढं. कोणी मूल तर टाकून गेलं नाही? वाकून कान लावला. ना रडणं, ना श्वास. मग त्याने टॉवेल सोडला, आणि मूल निघालं असतं तर परवडलं असतं असं त्याला वाटून गेलं.

आत घड्याळ होतं. गोल तबकडी, पितळी लंबक आणि पाचाच्या आकड्याजवळ नखाएवढा चरा. तो चरा त्याच्याच हातचा. थोरली बहीण, अक्का, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाली तेव्हा त्याने सुट्या भागांतून हे घड्याळ तिच्यासाठी जुळवलं होतं, आणि शेवटचा स्क्रू पिळताना आनंदाच्या भरात पेचकस निसटला होता. "असू दे रे," अक्का म्हणाली होती, "तेवढीच तुझी सही." दरवर्षी तिच्या घरी जाऊन तो त्याला तेल घालायचा. आज ते बंद होतं. सोबत चिठ्ठी नाही, चपाटी नाही.

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. घरच्या ग्रुपवर एक ओळ आली होती. अक्काने ग्रुप सोडला होता.

घड्याळवाला शटर तसंच अर्धं ठेवून धावत सुटला तो अक्काच्या दारात. दार बंद. आत सामानाची हलवाहलव.

"अक्का, अगं काय झालं?"

"पाहून न पाहिल्यासारखं करणाऱ्याला हे दार नाही, बाळ्या. उद्या सकाळच्या गाडीने मी लेकाकडे चालले. कायमची. नंबरही बदलणार. जा तू."

"पण मी पाहिलं काय?"

आतून खोक्याला चिकटपट्टी लावल्याचा कर्रर्र आवाज तेवढा आला.

२

दुकानाच्या वरच्या मजल्यावर ऑपरेटरबाई राहायच्या. एक्स्चेंजमध्ये अक्काच्या शेजारच्या खुर्चीवर उभी नोकरी काढलेली बाई. लोक सांगतात, नुसती घंटा ऐकून पलीकडचा माणूस रागावलाय की उपाशी आहे हे त्या ओळखायच्या. एकदा म्हणे एक चोर लाइनवर नुसता खाकरला आणि बाईंनी त्याला परस्पर पोलीस चौकीला जोडून दिलं. गुडघे दुखत असले तरी कान अजून शाबूत होते.

घड्याळवाला त्यांच्यासमोर मटकन बसला. "ताई, अक्काने मला तोडलं. शिक्षा देण्याआधी माणसाला गुन्हा तरी सांगतात."

"तो फोटो असेल."

"ते तर जुनं झालं!"

फोटोची भानगड अशी. घड्याळवाल्याची मुलगी, जिला सगळे चिमणी म्हणत, हिने अक्काचा एक फोटो सगळ्या जगाला दिसेल असा टाकला होता. कवळी काढून ठेवलेली आणि अक्का खदखदून हसतेय. वर लिहिलं होतं, 'माझी गोडुली आत्या.' चिमणीच्या पिढीत याला माया म्हणतात. पण अक्काला साऱ्या गावाने जन्मभर नुसत्या आवाजाने ओळखलेलं. त्या आवाजाला गाव वचकून असायचं. आता अनोळखी पोरंटोरं तिच्या हिरड्यांना हसत होती. आणि त्या फोटोखाली सख्ख्या भावाचा अंगठा! घड्याळवाला समोर येईल त्याला न बघता अंगठा द्यायचा. त्याच्या लेखी ती नुसती पोच. अक्काला ती शाबासकी वाटली. तेव्हापासून बोलणं बंद.

बाईंनी आपल्या घरातल्या तारेच्या फोनवरून अक्काला फोन लावला. अक्काने तो तेवढा घेतला.

"मी नमतं घेतलं होतं गं," अक्का म्हणाली. "हसला तो, मग फोन मी का करू? पण ज्येष्ठांच्या मोबाइल वर्गात शिकवलंय, स्टेटस एकाच माणसाला दिसेल असं ठेवता येतं. तसं ठेवलं. फक्त बाळ्यासाठी."

"काय लिहिलंस?"

"बाळ्या, राग गेला. रविवारी ये, पोरीलाही आण. मी लेकाकडे जाण्याआधी घड्याळाला एकदा तेल घालून दे." मग तिने पुढे सांगितलं, "दुकान उघडायच्या सुमाराला त्याने पाहिलं. खाली डोळ्याची खूण येते ना, तिथे एकच नाव. त्याचं. रविवारी मी पानं मांडून बसले. दिवे लागले तरी कोणी फिरकलं नाही."

"तो म्हणतो, त्याने पाहिलंच नाही."

"मग खाली नाव कोणाचं आलं? भुताचं? ते कसं आलं ते सांग, मी ऐकेन. नाहीतर त्याची वकिली करायला फोन करू नकोस."

खट्. बाईंनी रिसीव्हर ठेवला आणि घड्याळवाल्याकडे रोखून पाहिलं.

"बाळ्या, एकालाच दिसेल असा निरोप होता, आणि तो त्या एकाने पाहिलाय. तू खोटं बोलतोयस, नाहीतर तुझा फोन दुसऱ्या कोणाच्या हातात होता. फोनला कुलूप आहे?"

"नाही. मला उघडता येईना म्हणून चिमणीने काढून टाकलं."

"म्हणजे घरातलं कोणीही," बाई म्हणाल्या आणि काठी शोधू लागल्या.

३

घड्याळवाल्याची बायको गॅलरीत कपड्यांच्या घड्या घालत होती. ऑपरेटरबाई दिसताच तिने फोन उशीच्या अभ्र्याखाली सरकवला.

"वहिनी, लपवताय काय?"

"लपवायचंय काय त्यात? लोकांची स्टेटसं बघत होते. मी सगळ्यांची बघते. पण माझं नाव कुठे उमटत नाही. चिमणीने तशी सोय करून दिलीय."

"वा! म्हणजे पडद्याआडून."

"पडद्याआडून म्हणा, नाहीतर काही म्हणा. नाव दिसलं की लोक विचारतात, पाहिलंस तर बोलली का नाहीस. कोणी सांगितलंय ते झेंगट?"

"तुमच्या नवऱ्याच्या फोनवर अक्काचं स्टेटस तुम्ही उघडलंत?"

वहिनींनी हातातला सदरा झटकला. "ताई, अक्कांचं नि माझं फारसं जमलं नाही, हे गल्लीला ठाऊक आहे. पण यांच्या फोनला मी कशाला हात लावू? त्यात आहे काय? त्या नर्सरीवाल्या मित्राची फुलं!" मग त्या सदऱ्याची तीच घडी पुन्हा घालत बसल्या. "एक सांगू? मागे अक्कांनी सगळ्यांना दिसेल असा एक फोटो ठेवला होता. नुसती खिडकीजवळची रिकामी खुर्ची. मी पाहिली. वाटलं, विचारावं, बरं आहे ना. पण मी पाहिलंय हे त्यांना कळणारच नव्हतं. मग नाही विचारलं. सोपं पडलं ते."

वहिनींनी सदरा ठेवला आणि तिसऱ्यांदा उचलला.

दिवेलागणीला चिमणी ऑफिसातून आली. एका कानात इअरफोन, दुसरा लोंबकळत.

"मावशी, मी तो फोटो प्रेमाने टाकला होता! किती लोकांना आवडला माहितीये?"

"ज्याचा फोटो, त्याला सोडून सगळ्यांना."

"मग आत्याने मला सांगायचं ना! लगेच काढला असता."

"कुठे सांगायचं? तुला मेसेज केले होते तिने."

चिमणीने दुसरा इअरफोनही काढला. "आत्याला मी म्यूट केलंय," ती खालच्या आवाजात म्हणाली. "रोज ढीगभर सुविचार यायचे. सूर्योदय, कमळ, हात जोडलेले. मला वाटलं, त्यातलाच एखादा."

"आणि बाबांचा फोन? त्या दिवशी कोणाच्या हातात होता?"

चिमणीचा चेहरा उतरला.

"माझ्या," ती म्हणाली.

४

"पण संध्याकाळी!" चिमणी घाईने पुढे म्हणाली. "सकाळी मी ऑफिसात होते, हजेरी बघा हवी तर. संध्याकाळी बाबांच्या फोनची काच बदलून आणली. पुढची काच अशी खरवडली होती, जसा फोन कोणी फरशीवर घासलाय. आणि मागची बाजू नवी कोरी. लोकांचं उलटं असतं, मावशी. दुकानदारसुद्धा हसला."

ऑपरेटरबाई एकदम थांबल्या. "पुढची खरवडलेली?"

"चाळणी!"

बाईंनी रिक्षा करून थेट वहिनी म्हणाल्या त्या फुलंवाल्या मित्राची नर्सरी गाठली. घड्याळवाल्याचा मित्र कुंड्यांच्या रांगेत पाय लांब करून बसला होता. पाय प्लास्टरमध्ये.

"तुमचा मित्र माणूस कसा आहे हो?" बाईंनी विचारलं.

"सोन्यासारखा. आणि ठार आंधळा."

"म्हणजे?"

"मी रोज सकाळी फुलाचा फोटो टाकतो, सोबत जुनं गाणं. हा न चुकता पाहतो, खाली नाव येतं. संध्याकाळी भेटला की गाण्यावर तासभर बोलेल. कोणी गायलंय, कुठे सूर लावलाय, सगळं. पण फूल कोणतं होतं, हे बापजन्मात विचारलं नाही! आता हा पाय मोडला, तर मी मुद्दाम फुलाऐवजी प्लास्टरचा फोटो टाकला, गाण्यासकट. खाली पहिलं नाव याचं. आणि संध्याकाळी फोन करून मला काय म्हणावं? चल, टेकडीवर फिरून येऊ!"

"मग तुम्ही रागावलात?"

"तर! दोन शिव्या घातल्या. तोही आला धावत. आम्ही काय, समोरासमोर भांडतो, चहा पितो, संपतं."

बाईंच्या डोक्यात जुन्या स्विचबोर्डावरचा दिवा लुकलुकला. गाणं ऐकू येतं, फूल दिसत नाही. पुढची काच चाळणी, पाठ कोरी. त्या कुंड्यांतून वाट काढत निघाल्या तेव्हा गुडघे कुरकुर करायचंसुद्धा विसरून गेले.

घरी येऊन त्यांनी चिमणीला बोलावलं. "बाबांना एकट्याला दिसेल असं स्टेटस ठेव. नुसतं लिहिलेलं. गाणं नको, आवाज नको."

"काय लिहू?"

"तुला बाबांना जे सांगायचंय आणि सांगवत नाही, ते लिही."

चिमणीने बराच वेळ फोनवर बोटं धरून ठेवली. मग लिहिलं.

५

दुसऱ्या सकाळी दुकान उघडलं तेव्हा ऑपरेटरबाई गिऱ्हाइकांच्या बाकावर बसल्या होत्या, शेजारी चिमणी. घड्याळवाला रात्रभर झोपला नसावा. पण हातांना सवय असते. त्याने टेबल पुसलं, दिवा ओढून घेतला, डोळ्याला भिंग लावलं. मग फोन काढून अंगठ्याने मित्राचं स्टेटस उघडलं. गाणं सुरू झालं, आणि त्याने फोन टेबलावर पालथा घातला. काच खाली, पाठ वर. पितळेच्या बारीक किसात.

"पालथा का रे?" बाईंनी विचारलं.

"उजेड डोळ्यात येतो, ताई. भिंगाखालचं दिसेनासं होतं. मला काय, गाणं ऐकायचंय."

गाणं संपलं. पाठोपाठ कोणाचा तरी कुत्रा भुंकला. घड्याळवाला मान न उचलता म्हणाला, "साडूचा कुत्रा. लबाड आहे." मग टेबल गप्प झालं. दोन-चार श्वासांपुरतं. मग एक लहान मूल खिदळलं.

"चिमणे, तुझ्या फोनवर बघ," बाई म्हणाल्या.

चिमणीने फोन काढला. "खाली डोळ्याची खूण आलीय. बाबांचं नाव."

"बाळ्या, तुझ्या लेकीने तुझ्यासाठी काय लिहिलंय?"

"कुठे?" घड्याळवाल्याने भिंग वर केलं.

"तू पाहिलंयस. तिथे तसं आलंय." बाईंनी पालथा फोन काठीच्या टोकाने हलवला. "एकाचं स्टेटस संपलं की पुढच्याचं आपोआप सुरू होतं, मग ते कोणाचंही असो. गाण्याचं ऐकलंस, कुत्र्याचं ऐकलंस. लिहिलेल्याला आवाज कुठला? अक्काचा निरोप तुझ्या फोनने टेबलाला दाखवला, बाळ्या. टेबलाने वाचला. तू दिलास तो अंगठाही तसाच, न बघता. घरात कोणी खोटं बोललेलं नाही. कोणी बघितलेलं नाही, एवढंच."

घड्याळवाल्याने हातातला चिमटा खाली ठेवला.

"मध्ये जरा शांत झालं होतं," तो म्हणाला. "त्या दिवशीही. मला आठवतंय, ताई. मला वाटलं, गाणी संपली. तेवढ्यात मी एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाला तेल घातलं."

चिमणीने फोन उलटा करून त्याच्यापुढे धरला. 'बाबा, आत्याचा फोटो आज काढला. आत्याची माफी कशी मागू ते कळत नाही. तुम्ही सोबत याल?'

"आम्ही लाइन जोडून दिली की आधी विचारायचो, ऐकू येतंय ना?" ऑपरेटरबाई म्हणाल्या. "मगच हात काढायचो. अक्काने जन्मभर विचारलं ते. यावेळी तेवढं राहून गेलं. आणि आपल्यातल्या एकानेही तिला विचारलं नाही."

त्यांनी अक्काचा नंबर लावला. तारेचा फोन तोडलेला, मोबाइल बंद. सकाळची गाडी सुटायला थोडाच अवकाश होता.

"उचल ते घड्याळ," बाई ओरडल्या.

६

आता इथून पुढचं तर तुम्ही अजिबात मानणार नाही.

तिघं स्टेशनात शिरली तेव्हा गाडी सुटण्याची वेळ टळून गेली होती. पण गाडी उभी! का? तर इंजिनासमोर बदकांची रांग आडवी आलेली, आणि त्यांचं पुढारपण करणारं बदक रुळाच्या मधोमध बसून पंख साफ करत होतं. गार्ड शिट्ट्या मारून मारून दमला. शेवटी त्याने बदकांना हिरवा झेंडा दाखवला, तरी ती हलेनात. हात जोडले, तरी हलेनात. ती थांबली होती घड्याळवाल्यासाठीच, असं स्टेशनमास्तर पुढे निवृत्त होईपर्यंत सांगत असे.

अक्का खिडकीशी बसली होती. घड्याळवाल्याने धापा टाकत, टॉवेलातलं घड्याळ छातीशी धरून, सगळं सांगितलं. भिंग, गाणं, पालथा फोन, साडूचा कुत्रा. अक्काचे ओठ हलायला लागले. मग ती अशी हसली, अशी हसली की कवळी सुटून ओंजळीत पडली. चिमणीचा हात सवयीने खिशातल्या फोनकडे गेला आणि तिथेच थांबला. तिने तो हात बाहेर काढून खिडकीतून आत घातला. अक्काने तो धरला.

"मला फोन करायला काय झालं होतं गं मेलं," अक्का बोळक्या तोंडाने म्हणाली. "एक फोन!"

घड्याळवाल्याने तिथेच, फलाटाच्या बाकावर, तेलाची बाटली काढली. थेंब सोडला, चावी दिली, लंबकाला बोट लावलं. टिक. टिक. अक्काने घड्याळ मांडीवर घेतलं, नवा नंबर चिमणीला पाठ करायला लावला, आणि त्याक्षणी बदकं उठून चालती झाली. गाडी गेली. पण पूल ओलांडेपर्यंत गाडीच्या धडधडीवरून त्या घड्याळाची टिकटिक साऱ्या फलाटाला ऐकू येत होती.

एवढं सांगून आजोबांनी घड्याळाच्या दुकानातल्या त्या बाकावर पाय वर घेतले आणि ऐकणाऱ्यांकडे ऐटीत पाहिलं. दोघं-तिघं हसली. कोणीतरी "बदकं!" म्हणून मांडीवर थाप मारली. आतल्या टेबलाशी भिंग लावून बसलेला दुकानदार मात्र हसला नाही. आजोबा ही गोष्ट सांगत तेव्हा तो कधीच हसत नसे, आणि कधी अडवतही नसे.

घड्याळाचा पट्टा बदलायला आलेली एक तरुण मुलगी दाराशी टेकून उभी होती. इतका वेळ तिचे डोळे फोनवर होते. आता तिने मान वर केली. भिंतभर घड्याळं होती, सगळी एका सुरात टिकटिकत होती, आणि ती एकेकाकडे बघत बघत कोपऱ्यापर्यंत आली. टेबलाशी चाललेला चिमट्याचा हात थांबला.

"एक मिनिट हं, आजोबा," ती म्हणाली. "गोल तबकडी, पितळी लंबक, पाचाजवळ चरा. खोटं सांगताय तुम्ही. ते घड्याळ गाडीने गेलंच नाही, हे काय इथेच आहे. आणि बंद आहे."